विल्माबाईंचे नऊ बुधवार

विल्माबाईंनी एकतीस वर्षं ब्रातिस्लाव्हाच्या बसगाड्यांमध्ये तिकिटं तपासली आणि त्या एकतीस वर्षांत त्यांच्या हातावर तुरी देऊन कुणी उतरून गेलं असं झालं नाही. झोपेचं सोंग घेतलेला माणूस त्या पापण्यांवरून ओळखत. तिकिटाच्या दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय ते परत देत नसत, कारण चलाख लोक मागची बाजू पुसून तेच तिकीट पुन्हा वापरत. आणि खिडकीबाहेर फार मन लावून बघणारा माणूस हमखास बिनतिकिटाचा, हा तर त्यांचा स्वतःचा शोध होता. त्यामुळे ईस्टरच्या जेवणात जावई हॅमचा तुकडा काट्यावर तसाच धरून खिडकीबाहेर बघायला लागला, तेव्हाच त्यांनी ओळखलं की याला काहीतरी हवंय.

"आई," रादो शेवटी म्हणाला, "घर मिळालं."

"हरवलं होतं का?"

"राय्कात. फेब्रुवारीत आपण बघायला गेलो होतो ना, तेच. बाग, विहीर आणि ते अक्रोडाचं झाड."

राय्का हंगेरीत आहे, पण विल्माबाई राहत त्या पेत्रझाल्का उपनगरातून बस धरली तर अर्ध्या तासाच्या आत माणूस तिथे उतरतो. सीमा केव्हा ओलांडली हे मोबाइलने सांगितलं तरच कळतं. ब्रातिस्लाव्हात खोलीभर जागेला जे पैसे पडतात, त्यात तिकडे अंगणासकट घर येतं, म्हणून निम्मं ब्रातिस्लाव्हा तिकडे जाऊन बसलं आहे. रादो आणि स्लाव्का दोन लेकरांसह दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहत होते. तिथे रात्री सोफा उघडला की बाथरूमचं दार उघडत नसे.

"मग घ्या की," विल्माबाई म्हणाल्या. "मी काय दारात आडवी पडलेय?"

रादोने ताटातल्या किसलेल्या मुळ्यात लक्ष घातलं. उरलेलं स्लाव्काने सांगितलं. तिकडची बँक म्हणते, तुमची नोकरी पलीकडे, पगार पलीकडे, पत्ता पलीकडे, आम्ही तुम्हाला ओळखत नाही. इकडची बँक म्हणते, माणसं आमची खरी, पण घर परक्या देशात. उद्या हप्ते थकले तर आम्ही तिकडे कुणाच्या विटा मोजायला जाऊ? तारण द्यायचं तर इथलं काहीतरी द्या.

इथलं काहीतरी म्हटल्यावर टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी भिंतींकडे पाहिलं. सहा वर्षांच्या तेरेझाने सुद्धा पाहिलं.

आठव्या मजल्यावरचा तो तीन खोल्यांचा फ्लॅट ही विल्माबाईंच्या नावावरची एकुलती एक गोष्ट होती. नवरा, गेझा, गेल्यावर त्यांनी एकटीने तो रंगवला होता आणि सज्जात लाल जिरेनियमच्या नऊ कुंड्या लावल्या होत्या. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या प्रत्येकाची कुंडली त्यांना पाठ होती.

"तुमचं राहणं तर इथेच," रादो घाईने म्हणाला. "फक्त कागदावर तारण. आणि तिकडे तुमची खोली असणारच, आई."

ही खोली ऐकून विल्माबाईंनी काटा खाली ठेवला. शेजारच्या जिन्यातल्या मार्गिताला तिच्या मुलाने गावात अशीच एक खोली दिली होती. आता ती दिवसभर तीन नातवंडांसाठी सूप ढवळते आणि दोन शब्द बोलायला तिला कोंबड्यांशिवाय कुणी नाही. विल्माबाई घाबरल्या. फ्लॅट बुडेल याची भीती त्यांना फारशी नव्हती, रादो हप्ते चुकवणारा माणूस नव्हता. भीती होती ती फ्लॅटच्या मागोमाग आपण सामानासारखे तिकडे जाऊन पडू याची.

"आजी, तिकडे कुत्रा पाळता येतो," तेरेझा म्हणाली.

आता अशा पोरीच्या तोंडावर नाही म्हणायचं कसं? विल्माबाई हो म्हणाल्या आणि पुढचे तीन आठवडे त्या हो शब्दाला शिव्या देत राहिल्या.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात करारावर सह्या झाल्या. ब्रातिस्लाव्हात सही झाली आणि जमिनीच्या नोंदणीत नाव चढलं की संपलं, म्हणून रादोने त्याच संध्याकाळी पोरांसाठी उड्या मारायची जाळी मागवली. दुसऱ्या दिवशी वकिलाने दुभाष्यामार्फत त्याला शांतपणे सांगितलं की घर हे घर आहे, पण मागची बाग सरकारी कागदात शेतजमीन आहे. शेतजमिनीचा करार गावाच्या कचेरीबाहेरच्या फळ्यावर साठ दिवस टांगावा लागतो. तेवढ्या दिवसांत लागून असलेल्या शेतकऱ्याने येऊन, याच किमतीला ही मी घेतो, असं लिहून दिलं की जमीन त्याची. विहीर, छपरी आणि अक्रोड सगळं त्या बागेतच होतं. बँक म्हणाली, सगळं मिळून असेल तर कर्ज, नाहीतर आम्हाला विसरा. त्यामुळे विल्माबाईंची तारणावरची सही साठ दिवसांनी व्हायची होती.

रादोचं तोंड उतरलं. विल्माबाईंचं मात्र उजळलं, म्हणून त्या पटकन चहा ओतायला वळल्या.

"लागून असलेला शेतकरी कोण म्हणे?" त्यांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

"एकच आहे. काल्मान म्हणून. तो टोपीवाला, कुंपणावर रेलून उभा होता बघा."

टोपीवाला विल्माबाईंच्या पक्का लक्षात होता. फेब्रुवारीत घर बघायला गेले, तेव्हा या माणसाने दलालाला हंगेरियनमध्ये विचारलं होतं, "घर बघायला आलेत की म्हातारीला ठेवायला जागा बघायला?" स्लाव्का आणि रादोला हंगेरियन येत नाही. विल्माबाईंना त्यांच्या आजीने त्याच भाषेत बोलणी खाऊ घालून वाढवलं होतं, आणि पायऱ्या मोजताना अजूनही त्यांच्या तोंडी तेच आकडे येत. पण लेकीने भाषांतर करशील का विचारल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "छे, माझं हंगेरियन केव्हाच गंजलं." दुभाष्याचे पैसे रादोने भरले.

करार सोमवारी फळ्यावर लागला. बुधवारी विल्माबाईंनी खसखस भरलेल्या गोड रोलच्या चंद्रकोरी भाजल्या, डबा भरला आणि आठशे एक नंबरची बस पकडली. गाडीवर व्हेन्देल होता, त्यांच्या हाताखाली तिकिटं तपासून पुढे ड्रायव्हर झालेला.

"कुठे, विल्माबाई?"

"डॉक्टरकडे. गुडघा."

"राय्कात?"

"तिथला चांगला आहे म्हणतात. तू पुढे बघून चालव."

काल्मान अंगणात जर्दाळूच्या झाडाला चुना लावत होता. विल्माबाई फाटकाशी थांबल्या आणि खणखणीत हंगेरियनमध्ये म्हणाल्या, "तुम्ही मला म्हातारी म्हणालात."

काल्मानने टोपी काढली. "ऐकू गेलं होतं?"

"शेवटच्या बाकावरच्या पोराने च्युइंगम चघळलं तर मला पहिल्या बाकावर ऐकू यायचं."

"मग आत या," तो म्हणाला. "भांडण उभ्याने बरं दिसत नाही."

तो चौऱ्याहत्तर वर्षांचा विधुर होता. त्याचं स्वयंपाकघर स्वच्छ होतं, फक्त पडदे धुवायला झाले होते. दुसऱ्या चंद्रकोरीला विल्माबाईंनी विषय काढला आणि तिसरीपर्यंत त्यांनी अशी काडी लावली की मागच्या आयुष्यात त्या गावातल्या चावडीवरच बसत असाव्यात. जावई माणूस वाईट नाही, पण शहरी. तो अक्रोड तोडणार. त्या जागी पोहायचा हौद येणार. निळा, प्लास्टिकचा.

"अक्रोड तोडणार?" काल्मान म्हणाला.

"मुळासकट. आणि उन्हाळाभर त्या हौदात दहा पोरं."

"दहा?"

"कमीत कमी. आणि गाणी लावून."

काल्मान खिडकीबाहेर अक्रोडाकडे बघत राहिला. बराच वेळ, फार मन लावून. "मग ती जमीन मलाच घ्यावी लागणार," तो सावकाश म्हणाला. "शुक्रवारपर्यंत ठरवतो."

विल्माबाई परतीच्या बसमध्ये गुणगुणत बसल्या. नाही न म्हणता नाही झालं होतं. लेक रडली असती, तेरेझाला कुत्र्याऐवजी मांजर मिळालं असतं आणि दोष कुणाचा, तर त्या हट्टी हंगेरियन म्हाताऱ्याचा.

पण पुढच्या बुधवारी काल्मानने अजून सही केली नव्हती. गुडघे दुखत होते म्हणे. त्याच्या पुढच्या बुधवारी कचेरीतली बाई रजेवर होती. दर वेळी तो म्हणायचा, करणार, नक्की करणार, आणि खिडकीबाहेर बघायचा. विल्माबाईंना निखारा विझू द्यायचा नव्हता, म्हणून त्या दर बुधवारी डबा घेऊन येत राहिल्या. हौदाला त्यांनी घसरगुंडी जोडली, पोरांची संख्या पंधरावर नेली. काडी लावून झाली की दोघं पत्त्यांत एकवीस खेळत. काल्मान डाव लपवण्यात भिकार होता आणि हरल्यावर मोठ्याने हसायचा. चौथ्या बुधवारी विल्माबाईंनी पडदे काढून धुतले. पाचव्या बुधवारी त्या काडी लावायचं विसरल्या आणि ते त्यांना बसमध्ये आठवलं.

लेकीला त्यांनी सांगितलं, गुडघ्याला शेक चालू आहे.

सातव्या बुधवारी गंमत अंगाशी आली. डाव ऐन रंगात असताना पलीकडे गाडी थांबली आणि रादोचा आवाज आला. विल्माबाई पत्ते टाकून थेट ओट्याखाली बसल्या, ज्यांचा गुडघा शेकावर होता त्या. काल्मान खिडकी लावायला उठला, पण त्यांनी हातानेच नको म्हणून खूण केली.

मोजपट्टी धरून रादो आणि स्लाव्का बागेत फिरत होते. "ही पूर्वेकडची भिंत आजीच्या कुंड्यांना," तेरेझा म्हणाली. "नऊच्या नऊ बसतात, मी मोजलं." आणि ती कुठेतरी पळाली.

मग स्लाव्काचा आवाज आला, रडवेला. "रादो, मी आईला ओळखते. ती हो म्हणाली, पण तिचा जीव त्या आठव्या मजल्यात आहे. सही करेल आणि मनात कुढत बसेल. तिला असं कोपऱ्यात ढकलून मला घर नकोय. बँकेला नको म्हणून सांगू."

"मग परत दोन खोल्या," रादो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

"असू दे. सोफा आहे ना."

गाडी गेली. विल्माबाई ओट्याखालून उठल्या तेव्हा त्यांना स्वतःची लाज वाटत होती, साधी, शाळेत पकडल्यासारखी. लेक त्यांच्यासाठी घर सोडायला निघाली होती आणि त्या इथे पंधरा पोरांची घसरगुंडी रचत बसल्या होत्या.

काल्मानला बोलणं कळलं नव्हतं, पण चेहरे कळत होते. "काय म्हणाली?"

"ते सोडा. तुम्ही सही करू नका," विल्माबाई म्हणाल्या. "अक्रोड कुणी तोडत नाही. हौद नाही. पोरं दोनच आहेत, आणि चांगली आहेत."

"आता कसं?" काल्मान खिडकीबाहेर बघत म्हणाला. "मी ठरवलंय. शेवटच्या दिवशी, शुक्रवारी, बारा वाजायच्या आत जाऊन लिहून देणार."

त्या संध्याकाळी विल्माबाईंनी लेकीला फोन केला. "बँकेला नाही वगैरे काही सांगू नकोस. सही मी करणार आहे आणि खुशीने करणार आहे."

"तुला कसं कळलं मी नाही सांगणार होते ते?"

"तुझी आई आहे मी," असं म्हणून त्यांनी घाईने फोन ठेवला.

आठव्या आणि नवव्या बुधवारी त्यांनी अकलेचे सगळे घोडे दामटले. जमीन पडीक आहे, विहिरीचं पाणी मचूळ आहे, या वयात तुम्हाला कशाला हवी. काल्मान एका शब्दाने ढळला नाही. रोल खाल्ले, पत्ते पिसले, बाहेर बघितलं.

शेवटच्या शुक्रवारी त्या सकाळी नऊलाच हजर झाल्या. कचेरी शुक्रवारी बाराला बंद होते. बारापर्यंत याला खुर्चीतून हलू द्यायचं नाही, एवढाच बेत. त्यांनी डबा उघडला, पत्ते वाटले आणि जन्मात पहिल्यांदा मुद्दाम हरायला सुरुवात केली. काल्मान खूश झाला. अकराला तो अजून खुर्चीतच होता. साडेअकराला विल्माबाईंनी मनात म्हटलं, जमलं. पावणेबाराला काल्मानने पत्ते खाली ठेवले, टोपी घातली आणि म्हणाला, "चला."

"कुठे?"

"कचेरीत. दिलेला शब्द आहे."

विल्माबाई मागोमाग निघाल्या. रस्त्याने त्यांनी गुडघा दुखायला लावला, चक्कर आणली, काल्मान फक्त हात पुढे करायचा आणि चालत राहायचा. चर्चच्या कोपऱ्यावर त्या मध्येच आडव्या उभ्या राहिल्या.

"ऐका. सगळं मी रचलं होतं. हौद, पोरं, सगळं. ते माझा फ्लॅट तारण ठेवणार होते आणि मला नाही म्हणता येईना, म्हणून तुमच्याकडून म्हणवून घ्यायला आले. मला इथे येऊन मार्गितासारखं सूप ढवळायची भीती वाटत होती. माझ्या पोरीचं घर तुम्ही घेऊ नका. तुमच्या पाया पडायचं बाकी ठेवलंय मी."

"मार्गिता कोण?" काल्मानने विचारलं आणि त्यांना वळसा घालून पुढे गेला.

कचेरीचं दार उघडं होतं, पण तो दाराशी गेलाच नाही. फळ्यापाशी थांबला. काचेमागे ऊन खाऊन पिवळा पडलेला करार टाचणीने लावला होता. विल्माबाई दर बुधवारी बसमधून उतरून त्याच्या पुढून जात, तो जागेवर आहे ना एवढं बघत आणि पुढे निघत. काल्मानने काच सरकवली.

"उलटा," तो म्हणाला.

त्यांनी पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं. शेवटच्या पानाला एक छोटा कागद जोडला होता. मी, काल्मान अमुकतमुक, लागून असलेला शेतकरी, माझा हक्क सोडतो. खाली सही, शिक्का आणि तारीख. तारीख मंगळवारची होती, करार लागल्याच्या दुसऱ्या दिवसाची. पहिली चंद्रकोर त्याने खाल्ली त्याच्या आदल्या दिवसाची.

विल्माबाईंनी तारीख पुन्हा वाचली. अंगात एकतीस वर्षांची नोकरी होती आणि त्यांनी कागद उलटून पाहिला नव्हता.

"दोन दुखरे गुडघे आहेत मला," काल्मान म्हणाला. "आणखी जमीन घेऊन काय करू?"

"मग हे नऊ आठवडे? करणार, नक्की करणार?"

"मी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं असतं, तर दुसऱ्या बुधवारी तुम्ही आला असता?"

विल्माबाईंना आठवलं, हा माणूस दर वेळी खिडकीबाहेर किती मन लावून बघायचा. त्यांनी हातातला डबा त्याच्या छातीवर आपटला, फार जोरात नाही. "आज पहिल्यांदा मी मुद्दाम हरले," त्या म्हणाल्या. "ते डाव परत खेळायचे." घरी परतताना बसमध्ये त्यांना दोनदा हसू आलं आणि दोन्ही वेळा त्यांनी खोकल्याचं सोंग घेतलं.

पुढच्या आठवड्यात बँकेत तारणाच्या सह्या झाल्या. समोरचा तरुण एकेक पान पुढे सरकवत होता. विल्माबाई प्रत्येक पान उलटून पाहत होत्या.

"मागे कोरं आहे, मॅडम," तो तिसऱ्या पानाला म्हणाला.

"कोरं आहे हे बघितल्याशिवाय कसं कळायचं?" विल्माबाई म्हणाल्या आणि सगळी पानं बघून झाल्यावरच त्यांनी पेन मागितलं.  स्लाव्काने त्यांना मिठी मारली आणि ती तेरेझाला शाळेतून आणायला धावली.

बाहेर रादोने गाडीच्या बॉनेटवर घराचा नकाशा पसरला. "ही तुमची खोली, आई."

"मी राहायला येणार नाही हं. आधीच सांगून ठेवते."

"माहितीये. बुधवारपुरती."

विल्माबाई नकाशावर वाकल्या. "ही खिडकी इकडे का काढलीस? बाग तर मागे आहे. इथून नुसतं काल्मानचं कुंपण दिसेल."

"म्हणूनच," रादो म्हणाला.

त्यांनी वर पाहिलं. जावई या वेळी कुठेही बाहेर बघत नव्हता, सरळ त्यांच्याकडे बघत होता.

"आई, त्या बसमध्ये रोज निम्मं राय्का बसलेलं असतं. माझे कारखान्यातले चौघं त्याच गाडीने जातात. नऊ आठवडे एक बाई मांडीवर खसखशीचा डबा घेऊन गुडघ्याच्या डॉक्टरकडे जाते, हे काय लपतं?" त्याने नकाशाचा उडणारा कोपरा दाबून धरला. "गेल्या रविवारी काल्मानकडे गेलो होतो. अर्धं हातवाऱ्यांनी सांगितलं त्यांनी, पण घसरगुंडी कळली मला."

विल्माबाईंचे कान तापले. आयुष्यभर बसमधल्या सगळ्यांना त्यांनी पाहिलं होतं, आणि या नऊ आठवड्यांत सगळी बस त्यांना पाहत होती. "स्लाव्काला?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही सांगितलं. सांगणारही नाही."

जावई घरात आल्याला दहा वर्षं झाली होती. विल्माबाईंनी त्याच्याकडे धड पाहिलं ते बहुधा पहिल्यांदाच. त्यांनी नकाशा नीट सरळ केला, बोट त्या खिडकीवर ठेवलं आणि घसा साफ केला.

"मोठी कर," त्या म्हणाल्या.